टोकन रद्द होत नसते

लग्नात अक्षता नवरानवरीच्या डोक्यावर टाकायच्या असतात, ही साधी गोष्ट माझ्या घरमालकांना उभ्या जन्मात पटली नाही. अक्षता हातात पडल्या की ते आधी उजेडाच्या बाजूला सरकत, मूठ उघडत, एका बोटानं दाणे चाळत आणि त्यातला एक दाताखाली धरून फोडत. तिकडे मंगलाष्टकं चाललेली आणि इकडे तुटके दाणे पाहून यांचा निकाल बाहेर पडलेला: "पोरीचा बाप कनी वाटून राहिला." हे ते हळूच बोलत. पण त्यांचं हळू बोलणं बँडवाल्यांनाही ऐकू जाई. आमच्या कुडव्यातल्या निदान चार घरांनी त्यापायी त्यांना पत्रिका देणं बंद केलं होतं.

ते धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकरी धान घेऊन आला की पोत्यात परखी खुपसायची, म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, मूठभर नमुना बाहेर काढायचा, ओल किती, माती किती, काडीकचरा किती ते पाहायचं आणि माल ठेवायचा की परत न्यायचा ते सांगायचं. उभी हयात हेच केलं. नोकरी संपली, पण परखी काही सुटली नाही. बैठकीत बायकोच्या फोटोशेजारी एका खिळ्याला ती टांगलेली असे, आणि दोघींना रोज सकाळी एकाच फडक्यानं पुसलं जाई. शेजाऱ्यानं घर बांधायला काढलं तेव्हा यांनी सहज म्हणून त्याच्या सिमेंटच्या पोत्यांत परखी घालून पाहिली. अकरा पोत्यांना भोकं पडली. शेजारी भांडायला आला, तर त्याला म्हणाले की माल चांगला आहे, बिनधास्त वापर.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. शाळेत मराठी शिकवते, लग्न केलं नाही, आईवडील गेले, आणि माहेर म्हणून उरलं ते दवनीवाड्याचं भाऊ-वहिनीचं घर. कुडव्यात सगळे त्यांना ग्रेडर साहेब म्हणत, मी काकाजी म्हणायची. खोली देण्यापूर्वी त्यांनी मला नोकरी विचारली नाही की जात विचारली नाही. तांदूळ किती पाण्यानं धुता, एवढंच विचारलं. मी दोन म्हटलं. आधी आलेल्या बाईनं चार म्हटलं होतं, ती अजून खोली शोधत असेल.

कोणाला बरं वाटेल असं वाक्य या माणसाच्या तोंडून मी ऐकलं नाही. एकदा शाळेतून मला पुरस्कार मिळाला, तर प्रशस्तिपत्राचा कागद दोन बोटांत चोळून पाहत ते म्हणाले, पातळ आहे. अशा माणसाच्या घरात राहत असताना मला कर्करोग झाला, हे माझं नशीब. वाईट म्हणायचं की बरं, ते मी अजून ठरवते आहे.

दिवाळीच्या आधी उजव्या स्तनात गाठ लागली. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा किमो सांगितले, दर तीन आठवड्यांनी एक. मी टाके घेऊन कुडव्याला परत आले आणि माझ्या खोलीत जत्रा भरली.

आजारी माणसाला भेटायला येण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी दारात तोंड पाडायचं, मग पलंगावर बसायचं, तेही नेमकं दुखऱ्या बाजूला. मग आपल्या मावशीला हेच झालं होतं ते सांगायचं. मावशीचं पुढे काय झालं ते आजारी माणसानं विचारायचं नाही, आणि सांगणाऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकीनं गव्हांकुराचा रस सांगितला, दुसरीनं गोमूत्र. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी माझा हात हातात घेऊन 'पॉझिटिव्ह राहा' असं इतक्या वेळा सांगितलं की आजार मला नसून माझ्या स्वभावाला झाला आहे असं मला वाटू लागलं. सफरचंदांच्या पिशव्या आठ झाल्या. मला सफरचंद आवडत नाही. आणि जाताना प्रत्येक जण एकच वाक्य ठेवून जाई, काही लागलं तर सांगा.

काय लागत होतं मला? उजवा हात वर होत नव्हता. वेणी घालता येत नव्हती. पण ज्यांच्यासमोर वर्षानुवर्षं कडक इस्त्रीची साडी नेसून वावरले, त्यांना माझी वेणी घाला कसं म्हणू? मी मान हलवायची आणि ते सुटका झाल्यासारखे जिना उतरायचे.

चौथ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी काकाजींनी टेबल मांडलं. टेबलावर गुलाबी कागदांचं एक टोकनबुक, कानाला लावलेला बॉलपेन, आणि समोर एकच खुर्ची. केंद्रावर सगळे शेतकरी एकाच दिवशी येऊन धडकू नयेत म्हणून टोकन देतात. त्यावर शेतकऱ्याचं नाव, धानाचा प्रकार, किती पोती आणि माल आणायची तारीख. टोकनाचा छापील नमुना बदलला म्हणून जुनी बुकं जाळायला निघाली होती, तेव्हा यांनी तीन घरी आणली. कशाला आणली ते त्यांनाही माहीत नसावं. आता समजलं.

पहिला सापडला तो कोपऱ्यावरचा किराणावाला सेठ. तो बिचारा रिवाजाप्रमाणे म्हणाला, "दीदी को कुछ भी लगे, आधी रात को आवाज देना."

काकाजींनी पेन काढला. "आधी रात का छोड़ो. अट्ठाईस जनवरी, सुबह पाँच बजे, मॅडम को स्टेशन छोड़ना है. गाड़ी धो के लाना."

सेठच्या हातात गुलाबी चिठ्ठी पडली. धानाच्या प्रकाराच्या रकान्यात 'स्टेशन', पोत्यांच्या रकान्यात 'एक मॅडम, एक पिशवी'. दिलेलं वाक्य परत कसं घ्यायचं ते सेठला सुचलं नाही आणि तो चिठ्ठी खिशात घालून गेला. मुख्याध्यापिका बाईंना फेब्रुवारीतला एक मंगळवार मिळाला, 'पातळ मुगाचं वरण, एक डबा, मीठ कमी'. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'उपदेश आणू नये'. त्या रागानं लाल झाल्या. गणिताच्या सरांना चादरी धुणं मिळालं, त्यांनी तारीख बदलून मागितली तर आणखी दोन चादरी वाढल्या.

मी वरून ओरडले की हा काय तमाशा लावला आहे, माझी अब्रू घालवता काय. तेव्हा त्यांनी खालूनच आपलं शास्त्र सांगितलं. "समदे एकाच दिवशी माल आनतेत. गोदामात पाय ठेवाले जागा राहत नाई. आन महिन्यानं पाहा, गोदाम रिकामं, कुत्रंबी फिरकत नाई. तुमचा आजार सहा महिन्याचा हाय, मॅडम. ह्यायचा कळवळा आठ दिवसाचा." माणसांच्या मायेबद्दल इतकं ओंगळ बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि त्यात खोट काढता येईना, याचा मला जास्त राग आला.

मग वहिनी आली. दवनीवाड्याहून, भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर कपड्यांची पिशवी. तिला पाहून माझ्या जिवात जीव आला. ती राहायला आली होती. माझं म्हणावं असं तेवढंच तर माणूस. जिन्याशी येताच तिनं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडू लागली, आणि काकाजींनी तिला खुर्ची दाखवली. घरी मळणी कधी लागणार, असं विचारलं. वहिनी हुंदक्यात म्हणाली, चार-पाच दिवसात. त्यांनी टोकन लिहिलं. चौथ्या किमोचा आदला दिवस, माघातला. प्रकार 'मुक्काम', पोती 'दोन महिने'.

वहिनीनं डोळे पुसून तारीख वाचली. दवनीवाड्याची बाई, पोटातलं ओठावर यायला तिला वेळ लागत नाही. "इतक्या लांबची? तवरीक बाई राहीन का?"

जिन्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. आतापर्यंत जे कोणी बोललं नव्हतं आणि प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं, ते तिनं एकदाचं बोलून टाकलं.

काकाजी बुकातून चिठ्ठी फाडता फाडता म्हणाले, "म्हनून तं देऊन राहिलो."

वहिनीनं पिशवी उचलली. नणंदेच्या दारातून घरमालक हाकलतो म्हणजे काय, असं भावाला सुनावत ती आल्या पावली परत गेली. मी काकाजींशी बोलणं बंद केलं. माझ्या हक्काचं एक माणूस त्यांनी परत पाठवलं होतं, ओल्या धानासारखं. मी खिडकीत बसून रडले, आणि रडताना एका हातानं केस सोडवायचा प्रयत्न करत होते, तेही जमेना.

संध्याकाळी दाराखालून एक गुलाबी चिठ्ठी आत सरकली. माझ्या नावाची. प्रकार: 'नवा भात'. पोती: 'दोन पानं'. आणणार: 'स्वतः'. तारीख पुढच्या वर्षीची, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, नवा तांदूळ घराघरात आलेला असतो तेव्हाची. वर्षभरानंतर मी यांना जेवायला वाढायचं! ज्या बाईला पुढचा सोमवार दिसत नव्हता तिच्याकडून हा माणूस पुढच्या सालचं जेवण ठरवत होता. मी ती चिठ्ठी चोळामोळा करून गादीखाली कोंबली.

जानेवारी लागला आणि काकाजींनी सांगितलं तसंच झालं. सफरचंदं थांबली. फोन थांबला. आले ते फक्त टोकनवाले, कारण न येणाऱ्यांच्या घरी काकाजी स्थळप्रत, म्हणजे टोकनाची बुकात उरलेली प्रत, घेऊन जात आणि दारात उभे राहत. बोलत काही नसत, नुसते उभे. पंधरा मिनिटांत डबा निघे. सेठनं अठ्ठावीस तारखेला गाडी खरंच धुऊन आणली होती. मुख्याध्यापिका बाईंनी वरण आणलं, तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि वरण काय सुरेख होतं! त्या बाईंना वरणात इतकं कळतं हे मला एवढ्या वर्षांत त्यांच्या भाषणांमुळे समजलंच नव्हतं.

माझ्यावरही कामं होती. सकाळी आठ वाजता गच्चीवर खुर्ची मांडलेली असे, आणि खालून हाक येई, मॅडम, ऊन. मी बोलत नव्हते, पण जात होते. अर्ध्या तासानं दुसरी हाक येई, पालटा. वाळत घातलेलं धान पायानं फिरवतात तशी मी खुर्ची फिरवून पाठ उन्हाकडे करायची. रोज अंघोळ केली का, हात भिंतीवर किती वर सरकला, पाणी किती प्यायले, याच्या खुणा त्यांनी जिन्याच्या भिंतीवर कोळशानं करून ठेवल्या होत्या. केस गळाले तेव्हा मी आरसा उलटा केला. त्यांनी तो सुलटा केला नाही, पण एक कंगवा मात्र उचलून नेला आणि सांगितलं, आता कामाचा नाही, येईल तेव्हा परत देईन.

तिसऱ्या किमोनंतर माझं सगळं बळ संपलं. तोंडात फोड, अन्नाचा वास नको, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधार. माघ लागला. चौथ्याची तारीख जवळ आली तसं मी ठरवलं, आता पुरे. जेवढं झालं तेवढं. मी खाली गेले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. म्हटलं, मी नागपूरला जाणार नाही, टोकनं देऊन ठेवली असतील ती रद्द करा.

काकाजी तांदूळ निवडत होते. सुपातून मान वर न काढता म्हणाले, "देलेलं टोकन रद्द होत नसते."

मी म्हटलं, शरीर माझं आहे. ते म्हणाले, हो. आणखी दोन खडे काढले. मग, कोणी विचारलं नसताना, बायकोच्या फोटोकडे बोट करून बोलले.

"हे गेली तवा तेरा दिवस इतके डबे आले का गाईनंबी तोंड फिरवलं. चौदाव्या दिवशी मी बिस्कुट पान्यात बुडवून खाल्ले. मंग आठ दिवस तेच. कोनी वाईट नोयतं, मॅडम. समद्यायचा माल येऊन गेल्ता."

एवढंच. आवाजही बदलला नाही. पुन्हा सुपात बोटं चालू लागली. मला त्यांची कीव आली नाही, खरं सांगते. मला भूक लागली. कित्येक दिवसांनी, त्या बिस्किटांच्या विचारानं का होईना, मी त्यांच्याच पातेल्यातला वाटीभर भात मागून खाल्ला. पण नागपूरला जायचं नाही हे पक्कं होतं. कोणाबरोबर जाणार होते? पहिल्या तीन खेपांचे सोबतीचे टोकनवाले येऊन गेले होते. वहिनीचं टोकन होतं खरं, पण तिला त्यांनी सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं. इतका अपमान गिळून कोण येतं?

चौथ्याच्या आदल्या दिवशी सकाळी फाटकाशी मोटरसायकल वाजली. वहिनी उतरली. तीच पिशवी. पदराच्या टोकाला गाठ मारलेली होती, ती सोडून तिनं गुलाबी चिठ्ठी काढली आणि टेबलावर आपटली. काकाजींनी चष्मा लावून तारीख पाहिली, मान हलवली.

मी जिन्यातच खाली बसले. विचारलं, तू आलीस कशी?

"काऊन नाई येनार?" वहिनी म्हणाली. "तारीख आजची हाय ना." मग माझं बोडकं डोकं तिनं दोन्ही हातांनी चाचपलं, या खेपेला रडली नाही, आणि काकाजींना ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "तवा आली असती तं आठ दिवस रडून मळनीले पळाली असती. बुढा लय हलकट हाय, पन हिशोबाचा पक्का हाय." काकाजींनी हे ऐकलं असणार, कारण त्यांनी तिला शेऱ्याच्या रकान्यात 'वेळेवर' लिहून दिलं.

ती दोन महिने राहिली. चौथा, पाचवा, सहावा, तिन्हींना माझ्याबरोबर नागपूरला आली. गाडीत माझं डोकं मांडीवर घेऊन भांडणं सांगायची, दवनीवाड्यातली, नावानिशी. हुंदके नाहीत, मावशीच्या गोष्टी नाहीत. मी त्या भांडणांवर जगले. काकाजींवर ती जाईपर्यंत डाफरत होती आणि रोज न चुकता त्यांच्यासाठी भाकर थापत होती. तिचं माप पुरं झालं त्या दिवशी त्यांनी केंद्राच्या रिवाजाप्रमाणे तिचं टोकन आडवं फाडलं आणि म्हणाले, जा. आभार मानायची पद्धत त्यांच्या गावी नव्हती.

पावसाळा गेला. केस आले, पांढरे आणि कुरळे, कोणाचेतरी दुसऱ्याचेच. कंगवा एके सकाळी पायरीवर ठेवलेला सापडला. शाळा सुरू झाली. दिवाळी झाली, आणि गादी उन्हात घालताना ती चोळामोळा केलेली चिठ्ठी हातात आली. दुसरा रविवार. मी कॅलेंडर पाहिलं आणि पलंगावर बसून मोठ्यानं हसले. एकटीच. मी होते. तारखेला मी होते.

वहिनीनं नवा तांदूळ पाठवला होता. भात केला, मुगाचं वरण केलं, मुख्याध्यापिका बाईंकडून शिकून, आणि दोन ताटं घेऊन खाली उतरले. काकाजी पाट मांडून, हात धुऊन बसलेले. घड्याळाकडे पाहून म्हणाले, आठ मिनिटं उशीर. मग भाताचं शीत दोन बोटांत दाबलं, ताटात चिवडून पाहिलं. "कनी जास्त हाय."

मी म्हटलं, मग परत नेऊ का? त्यांनी ताट जवळ ओढलं.

जेवता जेवता ते मधेच थांबत होते, श्वास घ्यायला. श्रावणापासून त्यांना धाप लागत होती, जिन्याच्या भिंतीवरच्या कोळशाच्या खुणा पुसतानाही लागलेली मी पाहिली होती. विचारलं तर अंगावर येत. आज आपणहून बोलले, वरण ओतून घेत, जणू बाजारात जायचं असावं. येत्या सोमवारी नागपूरला जातो आहे, छाती उघडतात म्हणे, या वयात सुटतो का नाही डॉक्टरही सांगत नाही. मला त्यांचा राग येत असे, तिटकारा येत असे, आणि हा माणूस नसलेलं हे घर मला पाच मिनिटं नको होतं.

त्यांनी डाव्या हातानं पाटाशेजारचं टोकनबुक काढून माझ्याकडे सरकवलं. कानाचा पेनही दिला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले एक देजा."

मी लिहिलं. प्रकार: नवा भात. पोती: दोन पानं. आणणार: स्वतः. तारीख पुढच्या वर्षीची, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. त्यांनी चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली.

"बम लांबची देली. तवरीक राहीन का मी?"

इतकी वर्षं पोरांना प्रमाण मराठी शिकवली, पण तोंडून दवनीवाड्याचंच आलं. "म्हनून तं देऊन राहिली, काकाजी."

मग बुकातली स्थळप्रत काळजीपूर्वक फाडून त्यांनी माझ्या हातात दिली. "जपून ठेवजा. नाई आलो तं दारात येऊन उभ्या राहाजा." आणि ताट पुढे ओढून त्यांनी उरलेला भात संपवला, कणीसकट.